किल्ला पाहिला, पाणी प्यालो

किल्ले पाहायला जाणे हा आमच्या घराण्यातला छंद नव्हे. माझा बाप रेल्वेत गँगमन होता. कर्जतच्या आसपासच्या रुळांवर त्याची हयात गेली. काम करता करता मान वर केली की त्याला सह्याद्रीची रांग आणि राजमाचीचे दोन बालेकिल्ले दिसत. वर मात्र तो कधीही गेला नाही. लहानपणी मी एकदा विचारले, "दादा, वर काय आहे?" तो म्हणाला, "आपल्याला काय करायचंय? गड राजाचा, वाट पाटलाची, अन् ओझं तेवढं आपलं." पुढे मी शिकलो, नोकरी केली, निवृत्त झालो. इतिहासाची पुस्तके वाचली, दोन-चार लेखही लिहिले. तरी रविवारी भाकरी बांधून मजेखातर गड चढावा, हे कधी मनात आले नाही. सहल ही ज्यांना फुरसत आहे त्यांची, अशी काहीतरी गाठ मनात बसलेली होती.

ती गाठ गेल्या मार्गशीर्षात नातीने सोडवली. ती कॉलेजात इतिहास घेऊन शिकते. म्हणाली, "आजोबा, रायगड नको, गर्दी असते. पेठच्या किल्ल्याला जाऊ. एका दिवसात होतो." बरोबर माझे जुने स्नेही गुरुजी निघाले. त्यांनी तीस-पस्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली आहेत. असे आम्ही तिघे चौकहून सकाळी निघालो. कर्जत गाठले, तिथून कशेळ्यावरून आंबिवलीला उतरलो.

पेठचा किल्ला म्हणजे कोथळीगड. कर्जत तालुक्याच्या ईशान्य कोपऱ्यात, भीमाशंकरच्या डोंगररांगेला खेटून उभा असलेला एक सुळका. वाजंत्री, कौल्या अशा घाटवाटा त्याच्या आसपासून देशावर चढतात. कोकणातला माल आणि माणूस वर जायचा, वरचा खाली यायचा, त्यावर नजर ठेवायला ही जागा. गड आकाराने लहान, पण मोक्याचा. १६८४ साली, संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, तो मोगलांच्या हाती गेला. तो परत घेण्याच्या झुंजीत नारोजी त्रिंबक पडला. एवढा इतिहास किल्ल्यांवरच्या कोणत्याही पुस्तकात सापडतो. मला त्यापलीकडचे सांगायचे आहे.

वर चढण्याआधी आम्ही आंबिवलीचे लेणे पाहिले. नदीच्या वळणावर एका बसक्या खडकात ते कोरलेले आहे. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये त्याचे वर्णन आहे, कारण कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. मध्ये एक मोठे दालन, तीन बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या, पुढे खांबांचा ओटा. दालनाच्या तिन्ही भिंतींना लागून एक सलग दगडी बाक आहे. गुरुजी त्या बाकावर बसले आणि बराच वेळ उठेनात. मी विचारले, "काय झालं?" ते म्हणाले, "बघा ना, बाकाची उंची सगळीकडे सारखी आहे."

यात भाबडेपणा आहे, हे मलाही कळते. भिक्खूही दात्यांच्या दानावर जगत होते, लेणी खोदायला राजांचा आणि व्यापाऱ्यांचा पैसा लागत होता. पण सलग बाक कोरणाऱ्याच्या मनात बसणाऱ्यांची एक कल्पना असते. आणि आणखी एक गोष्ट आहे. याच कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाण्याचे लेणे आहे. तिथल्या शिल्पावर ब्राह्मी अक्षरांत एक लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा त्याचा अर्थ. दोन हजार वर्षांमागे दगडाला छिन्नी लावणाऱ्या माणसाचे नाव आजही वाचता येते. ज्याने राबावे त्याचे नाव राहावे, ही गोष्ट या भूमीत अशक्य नव्हती. ती पुढे अशक्य झाली.

आंबिवलीहून दीड-दोन तास चढले की डोंगराच्या मधल्या सपाटीवर पेठ गाव लागते. गावाचे नावच पेठ. पेठ म्हणजे बाजार. गडाच्या अंगाखांद्यावर वस्ती कशी बसते ते आपण सर्वांनी पाहिलेले असते, पण वाचलेले नसते. सर्वांत वर बालेकिल्ला, तिथे धन्याची नाहीतर किल्लेदाराची जागा. त्याखाली माची, तिथे शिबंदी. त्याखाली पेठ, तिथे वाणी-उदमी. आणि सर्वांत खाली, गडाच्या घेऱ्यात, वाटांच्या तोंडाशी पहाऱ्याची मेटी. आमच्या गावांत गावकूस आडवे असते, आत आणि बाहेर. गडावर तेच गावकूस उभे केलेले असते, वर आणि खाली.

पेठमध्ये एका घरापुढे आम्ही टेकलो. घरच्या बाईला विचारले, जेवण मिळेल का? ती म्हणाली, "उतरून या, पिठलं-भाकरी करून ठेवते." मग तिने मला विचारले, "बाबा, कुठनं आलात?" मी म्हणालो, "चौकहून." आणि मी गप्प राहिलो.

ज्यांनी हे भोगले नाही त्यांना ते गप्प राहणे कळणार नाही. 'कुठनं आलात' या प्रश्नाच्या पाठीमागे दुसरा प्रश्न येत असतो. नाव काय, आडनाव काय, कोणापैकी? माझ्या वयाच्या माणसाला त्या दुसऱ्या प्रश्नाची चाहूल कानाआधी अंगाला लागते. मी आठ-नऊ वर्षांचा असताना बापाबरोबर एका गावी लग्नाला चाललो होतो. वाटेत तहान लागली. एका ओट्यासमोर आम्ही उभे राहिलो. दुसरा प्रश्न आला, बापाने खरे उत्तर दिले. मग त्या माणसाने ओट्यावरून पाणी ओतले आणि आम्ही खाली उकिडवे बसून ओंजळीने प्यालो. निम्मे पाणी कोपरावरून मातीत गेले. बाप म्हणाला, "बोटं घट्ट धर, सांडू नको." पाणी कसे प्यावे याचा तो मला मिळालेला पहिला धडा.

पेठच्या बाईने दुसरा प्रश्न विचारला नाही. ती आत गेली आणि पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आली. नातीने तो घेतला, वरून घटाघटा प्यायली आणि माझ्यापुढे धरला. माझे हात आपोआप ओंजळीसारखे जुळले होते. बाई हसून म्हणाली, "ओंजळ कशाला, बाबा? तांब्या घ्या की हातात." मी तांब्या घेतला. नातीचे लक्षही नव्हते. ती तिथे पडलेल्या जुन्या तोफेचा फोटो काढत होती.

तिथून वर चढलो. पडक्या दरवाजाचे दगड ओलांडले की कातळात खोदलेली भैरोबाची गुहा लागते. तळ सपाट, खांबांवर नक्षी. गुहेच्या शेजारून सुळक्याच्या पोटात जिना शिरतो. बाहेरून बांधलेला नव्हे, अखंड कातळ आतून फोडून कोरलेला. पायऱ्या गुडघाभर उंच. मी प्रत्येक पायरीवर हात टेकत चढलो. नात म्हणाली, "आजोबा, हे कोणी खोदलं असेल?" मी दोन्ही बाजूंच्या भिंती पाहत वर गेलो. छिन्नीचे घाव दिसले, नाव दिसले नाही. कोंडाण्याचा बलक आणि हा जिना यांत गाडीने जेमतेम तासाभराचे अंतर आहे.

माथा लहान आहे. वर पाण्याचे टाके आहे. त्याच्या काठाशी आम्ही बसलो. वारा गार होता, चारी बाजूंना डोंगर मोकळे दिसत होते. गुरुजींनी पिशवीतून चिवडा काढला. मी माझ्या आयुष्यात इतका निवांत क्वचितच बसलो असेन. आणि त्या निवांतपणातच मला दौलताबाद आठवले.

१९३४ सालची गोष्ट. बाबासाहेब आंबेडकर आपल्या तीसेक सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. सहलच होती ती. वाटेत त्रास नको म्हणून ओळख न सांगता प्रवास करायचे ठरले होते. दौलताबादचा किल्ला त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. मंडळी धुळीने माखलेली. किल्ल्याच्या दरवाजाजवळ काठोकाठ भरलेले एक लहान टाके दिसले, तेव्हा काहींनी तिथे हातपाय धुतले, तोंडे धुतली. रमजानचा महिना होता. एक म्हातारा ओरडत आला की धेडांनी टाके बाटवले. भराभर माणसे जमली, शिवीगाळ झाली, हाणामारीची वेळ आली. जमलेले लोक मुसलमान होते, पण विटाळाची भाषा तीच होती. शेवटी एका अटीवर आत जायची परवानगी मिळाली. किल्ल्यात कोठेही पाण्याला हात लावायचा नाही. अट मोडली जाऊ नये म्हणून बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला. बाबासाहेबांनी हा प्रसंग आपल्या आत्मकथनपर टिपणांत स्वतः लिहून ठेवला आहे.

आपण किल्ल्यांच्या इतिहासात वेढे मोजतो, तह मोजतो, तोफा मोजतो. त्या दिवशी दौलताबादेत काय घडले? यादवांची, तुघलकांची राजधानी राहिलेला तो गड पूर्ण उघडा होता. भिंती पाहा, खंदक पाहा, अंधारी वाट पाहा. फक्त पाणी बंद होते. परदेशांतून पदव्या घेऊन आलेला, गोलमेज परिषदेत बसून आलेला माणूस त्या गडात फिरला तो पाण्यावर पहारा ठेवणाऱ्या शिपायाच्या नजरेखाली. किल्ल्याचा शेवटचा दरवाजा लाकडाचा नसतो. तो पाण्यावर असतो.

किल्ले बांधणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांवर एक प्रकरण आहे. त्यात सांगितले आहे की आधी पाणी पाहावे, मग गड बांधावा. पाणी नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल तर खडक फोडून टाकी बांधावीत. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण झुंजीत तोफांच्या दणक्याने झरे आटतात. ही राजनीती शहाणी आहे. पण तिच्यातला खडक कोणाच्या हातांनी फुटायचा आणि ते पाणी कोणाच्या तोंडी लागायचे, हा प्रश्न आज्ञापत्राला पडण्याचे कारण नव्हते. तो आपल्याला पडला पाहिजे.

तो प्रश्न इतिहासात मोठ्याने विचारला गेला तो आमच्याच जिल्ह्यात. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसे गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली. ती ओंजळ वेगळी होती. माझ्या बापाची ओंजळ दुसऱ्याने ओतलेल्या पाण्यासाठी पसरलेली होती. महाडची ओंजळ स्वतः तळ्यात बुडवलेली होती. त्यानंतर तळ्याची शुद्धी झाली, दावा झाला, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. डिसेंबर १९२७ च्या परिषदेनंतर बाबासाहेब सहकाऱ्यांसह रायगडावरही गेले होते. पुढे १९८१ साली आमच्या कुलाबा जिल्ह्याला त्या रायगडाचे नाव दिले गेले. चवदार तळ्यामुळेही हा जिल्हा जगाला माहीत आहे, हे नाव देताना किती जणांच्या मनात आले असेल?

टाक्याच्या काठावर गुरुजींचा आणि माझा वाद झाला. त्यांचे म्हणणे असे, "आपण उगाच बाहेरच्यासारखं बोलतो. गड आपलाही होता. आपल्या लोकांनी राखला म्हणून तो उभा राहिला. हे मुलांना सांगायला हवं. खालापूरच्या पोराला उंबरखिंडीची लढाई २ फेब्रुवारी १६६१ ची हे तोंडपाठ असतं, पण गडाखालच्या वाटा कोण राखत होतं ते माहीत नसतं."

गुरुजी चूक बोलत नव्हते. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात गडकऱ्यांचे वर्णन आहे. ब्राह्मण, मराठे, रामोशी, महार, मांग असे सगळे मिळून गडकरी. गडाच्या आसपास त्यांना सारामाफीची जमीन, आणि गडाची राखण बापाकडून मुलाकडे. रामोशी आणि महार यांचे काम बाहेरच्या चौक्यांवर. बातमी आणायची, सगळ्या वाटांवर नजर ठेवायची, चौकशी करत येणाऱ्याला चुकवायचे, शत्रूचा एकटादुकटा माणूस सापडला तर कापायचा. गडकरी गडाला पोसणारी आई म्हणत, असेही त्याने लिहिले आहे.

मी गुरुजींना म्हटले, "हे सगळं खरं. पण ही आई आपल्या कोणत्या लेकराला कुठं जेवू घालत होती, तेही बघा. पहारा पहिल्या दरवाजाच्या बाहेर. शत्रू आला तर पहिला घाव यांच्यावर, आणि जय झाला तर पोवाडा बालेकिल्ल्याचा. राखणीच्या बदल्यात जमीन मिळाली, ती वतनाची. वतन म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको."

वतनाच्या तुकड्याने आपल्याला काय दिले आणि काय घेतले याचा हिशेब बाबासाहेबांनी मांडलेला आहे. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे बिल आणले ते याच साखळीवर घाव घालण्यासाठी. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. राखणदारीचा अभिमान आणि राखणदारीचा गळफास हे एकाच दोरीचे दोन पदर आहेत. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातली नोकरी संपवून १८८६ मध्ये परत आले. लढवय्येपणाचा त्यांना अभिमान होता. पण त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचे नाव पराक्रमाचे नव्हते. ते होते 'विटाळ विध्वंसन'. पराक्रमाची साक्ष काढून विटाळ जात नाही, हे त्यांना कळले होते.

म्हणून आपल्या तरुणांना मला एवढेच सांगायचे आहे. गडाच्या वैभवात आपला वाटा मागायला जाऊ नका. 'आम्हीही होतो' एवढे सिद्ध करून भागत नाही. आपण कोठे उभे होतो, दरवाजाच्या कोणत्या बाजूला, आणि पाणी कोठून पीत होतो, हे विचारा. हा प्रश्न गडाचा अपमान करत नाही. उलट गड आतापर्यंत अर्धाच पाहिला गेला आहे, तो पूर्ण पाहण्याची ही रीत आहे.

नात मध्येच म्हणाली, "तुम्ही दोघं भांडत बसा. मी पाणी भरून घेते." आणि ती टाक्याकडे गेली. मी म्हटले, "थांब, ते उघडं पाणी आहे, पोट बिघडेल." हे बोललो आणि माझे मलाच नवल वाटले. टाक्याला हात लावू नको असे म्हणायला आज माझ्याकडे कारण होते, आणि ते फक्त पोट बिघडण्याचे होते!

उतरून पेठला आलो. बाईने तांदळाची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा वाढला. शेजारी हंड्यांची उतरंड होती. मी विचारले, "पाणी वर्षभर पुरतं का?" ती म्हणाली, "आता आहे. चैत-वैशाखात बघा, एका हंड्याला अर्धा दिस जातो." मग मला उमगले की मी सकाळपासून तिच्या तांब्याचा अर्थ माझ्यापुरताच लावत होतो. तो तांब्या तिने डोक्यावरून वाहून आणलेल्या हंड्यातला होता. तिने तो परक्याला काही न विचारता दिला. दुसरा प्रश्न न विचारणे ही तिची थोरवी. पण गडाच्या कुशीतल्या बाईला हंड्यासाठी पायपीट करावी लागणे, हा प्रश्न आपण विचारायचा आहे, आणि तो तिला नव्हे, राज्यकर्त्यांना.

परतताना कर्जतहून चौकच्या वाटेवर दिवस मावळला होता. इर्शाळचा सुळका काळा दिसत होता. त्याच्या कुशीत ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराचा कडा तिच्यावर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. इर्शाळगडाचे नाव गिरीभ्रमण करणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. त्याच्या वाटेवरच्या वाडीचे नाव लोकांना कळले ते ती गाडली गेल्यावर. गडाखालच्या माणसांचा इतिहास असा लिहिला जातो. नारोजी त्रिंबकाचे नाव आपल्याला माहीत आहे. त्याच्याबरोबर पडलेल्यांची नावे माहीत नाहीत. तीनशे-साडेतीनशे वर्षांनीही लिहिण्याची पद्धत फारशी बदललेली नाही.

घरी आल्यावर नातीने वही काढली. सहलीचे टिपण कॉलेजात द्यायचे होते. तिने विचारले, "आजोबा, सुरुवात कशाने करू? किल्ल्याची उंची, की १६८४?" मी म्हणालो, "आंबिवलीच्या बाकापासून कर. मग जिना लिही. मग त्या बाईचा तांब्या लिही, आणि तिचा हंडा."

ती म्हणाली, "तांब्यात काय आहे लिहिण्यासारखं?"

मी तिला माझ्या बापाची ओंजळ सांगितली. ती ऐकत राहिली. मग तिने वहीत पहिले वाक्य लिहिले ते तिच्या पणजोबाचे होते. जो कधी गडावर गेला नाही, त्याच्यापासून तिने गडाचा इतिहास सुरू केला.